साठवणीचा वेग आणि साक्षीचे जतन

गतवर्षी आमच्या विद्यार्थ्यांनी गावातील एका वयोवृद्ध आजींच्या आठवणींचे चित्रीकरण केले. साधने साधीच होती : रास्पबेरी पाय 4 हा एकाच फलकावरचा संगणक, कॅमेरा, मायक्रोफोन आणि एक पेनड्राइव्ह. चित्रफीत पाहताना पहिली काही मिनिटे सुरळीत आढळली. पुढे मात्र चित्र वारंवार गोठत होते आणि आजींची वाक्ये अर्धवट तुटत होती. विद्यार्थी म्हणाले, "सर, संगणकच कमकुवत आहे." परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये. म्हणून आम्ही क्रमाने तपासणी केली.

प्रथम गरज मोजावी. 1920 गुणिले 1080 बिंदूंचे, सेकंदाला 30 चौकटींचे असंकुचित चित्रण प्रतिसेकंद सुमारे 93 मेगाबाइट जागा मागते. यूएसबी 2.0 ची कमाल क्षमता कागदोपत्रीही 60 मेगाबाइटच आहे. तेच चित्रण एच.264 पद्धतीने संकुचित करून 16 मेगाबिट वेगाने नोंदविल्यास केवळ 2 मेगाबाइट पुरतात. आमचे चित्रण संकुचितच होते; म्हणजे दोष अन्यत्र होता.

दुसरे, जोडणी पाहावी. या संगणकावरील निळी छिद्रे यूएसबी 3.0 ची, तर काळी 2.0 ची असतात. पडद्यावर विजेचे चिन्ह दिसल्यास वीजपुरवठा अपुरा आहे असे समजावे. 3 अँपिअरचा पुरवठा वापरावा.

तिसरे, प्रत्यक्ष लेखनवेग तपासावा. संगणक मजकूर आधी स्मृतीत घेतो व नंतर साठवणीवर उतरवतो. त्यामुळे लहान फाइलची चाचणी फसवी ठरते. संगणकाच्या स्मृतीहून मोठी फाइल लिहावी आणि ती पूर्णपणे उतरेपर्यंतचा वेळ धरावा. अनेक पेनड्राइव्ह आरंभी जलद लिहितात. त्यांचा राखीव जलद भाग भरला की वेग कोसळतो. आमच्या पेनड्राइव्हचा वेग गरजेच्याही खाली घसरला. दोषी सापडला. चित्रीकरणात सरासरी वेगाला अर्थ नसतो. सर्वांत मंद क्षणच निर्णायक असतो.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. चित्रीकरण अडखळत नसून साधारण 35 मिनिटांनी पूर्ण थांबत असेल, तर ते मंद वेगाचे लक्षण नव्हे. फॅट32 रचनेत एका फाइलला 4 गिगाबाइटची मर्यादा असते. अशा वेळी एक्स्ट4 रचना करावी. मात्र त्यापूर्वी जुना मजकूर अन्यत्र सुरक्षित ठेवावा, कारण नव्या रचनेत तो पुसला जातो.

आम्ही पेनड्राइव्हऐवजी एसएसडी जोडली आणि चित्रण अखंड झाले. आजींनी सर्व हकीकत पुन्हा सांगितली. पण पहिल्या वेळी बोलता बोलता त्या जेथे थांबल्या होत्या, तेथे या वेळी थांबल्या नाहीत. तो क्षण परत मिळाला नाही. म्हणून विद्यार्थी मित्रहो, साक्षीदारासमोर बसण्यापूर्वीच, जितका वेळ चित्रीकरण करावयाचे आहे तितका वेळ साधनांची परीक्षा घ्या.