कवडशातली धूळ

छपराच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ तरंगताना तुम्ही पाहिली असेल. वाळू झटकन खाली पडते. मग ही धूळ का पडत नाही? गोल कणाचा व्यास निम्मा केला, तर वजन आठव्या हिश्शावर येते. त्याच वेगाला हवेचा विरोध मात्र निम्माच होतो. म्हणून बारीक कण फार सावकाश पडतात. ॲस्बेस्टॉसचे अतिसूक्ष्म तंतू असेच तासन् तास तरंगतात व श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. तेथील भक्षक पेशींना लांब तंतू गिळता येत नाहीत. त्यांच्याभोवती व्रण होतात, लवचीक फुप्फुस ताठर बनते आणि दम लागतो.

इंग्लंडमधील रॉचडेलच्या नेली कर्शॉ कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत काढीत. १९२२ मध्ये आजारपणामुळे काम सुटले. भरपाई मिळाली नाही. घरी पती व लहान मुलगी होती. १९२४ मध्ये, ३३ व्या वर्षी, त्या वारल्या. डॉ. कुक यांना त्यांच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे कण आढळले. ब्रिटनने धूळ रोखण्याचे नियम केले ते १९३१ मध्ये. त्या मुलीला आई परत मिळणार नव्हती.

हा आजार काम सोडल्यावर अनेक वर्षांनीही दिसू लागतो. तुमच्या घरी कोणी असे काम केले असेल व त्यांना जिना चढताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना ते जुने काम आवर्जून सांगा. विडी-सिगारेट सोडायला लावा. आणि कामाचे कपडे घरात कधीही झटकू देऊ नका. कवडसा नसला, तरी धूळ असतेच!