शब्द कळत नाहीत, दोष कुठे?

प्रश्न : साखर कारखान्यात यंत्रांजवळ काम केलेल्या वडिलांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मळ काढून भागेल का?
– एक वाचक, शहागड (जि. जालना)

उत्तर : मळ किंवा पडद्यातील छिद्र यांमुळे ध्वनी आत पोहोचत नसल्यास त्यास वहनजन्य श्रवणदोष म्हणतात व तो बहुधा उपचारांनी सुधारतो, परंतु दीर्घकाळच्या गोंगाटाने अंतर्कर्णातील केसपेशी नष्ट झाल्यास त्या पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि या संवेदी-चेताजन्य दोषात आवाज येऊनही शब्द अस्पष्ट राहतात. दोन्ही दोष एकत्र असल्यास तो मिश्र ठरतो. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकू येणारा किमान आवाज डेसिबलमध्ये मोजणाऱ्या चाचणीत, हवेतून व हाडातून होणाऱ्या श्रवणातील फरक वहनदोष दाखवतो, तर गोंगाटाची हानी बहुधा प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपास दिसते. कानात तेल वा काडी न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ही तपासणी करून घ्यावी.