कोयत्यामागं जाणाऱ्या पोरांसाठी गोष्ट लिहिताना

सेनगाव तालुक्यात बावीस वर्षं शिकवतो आहे. दसरा झाला की माझ्या वर्गाची हजेरी गळायला लागते आणि दिवाळीनंतर मागचे बाक रिकामे होतात. मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली असतात, सांगली-कोल्हापूरकडं किंवा पार बेळगावकडं. गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात, तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. आमच्याच जिल्ह्यात वसमतला साखर कारखाना आहे, ऊसही आहे, तरी आमच्या तांड्या-वाड्यांवरचे ट्रक दूरच जातात. या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना त्यांची स्वतःची गोष्ट वाचायला द्यावी म्हणून शोधलं. फारसं हाती लागलं नाही, म्हणून लिहायला बसलो. तेव्हा जे शिकलो ते असं.

१. आधी दुसऱ्याची गोष्ट सांगावी.
ॲलन ग्रॅट्झ यांची ‘रेफ्युजी’ ही २०१७ची इंग्रजी कादंबरी. जीव वाचवायला घर सोडणाऱ्या तीन मुलांची: हिटलरच्या जर्मनीतला जोसेफ, १९९४ची क्युबातली इझाबेल आणि २०१५चा सीरियातला महमूद. आठवीच्या वर्गाला मी ती रोज थोडी थोडी मराठीतून सांगितली. जोसेफ ज्या ‘सेंट लुईस’ जहाजावर आहे ते खरंच होतं. १९३९ साली नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन ते हवानाला पोचलं आणि मोजके सोडून बाकीच्यांना उतरूच दिलं नाही. इथं एका मुलानं विचारलं, “सर, त्याच्या बापानं उचल घेतली व्हती का?” उचल म्हणजे तोडीला नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. मी म्हणालो, नाही. “मंग अडवलं कुणी?” तिथल्या सरकारनं, मी सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “आमाला तर कुणी अडवत न्हाई, सर. गाडी दारात येऊन घेऊन जाते.” निर्वासितांवर मी जे काही वाचलं होतं, त्यात हे वाक्य कुठं नव्हतं. माझी गोष्ट त्या वाक्यापासून सुरू झाली.

२. शब्द त्यांच्याकडूनच घ्यावेत.
पहिल्या खर्ड्यात मी ‘झोपडी’ लिहिलं होतं. मुलांनी लगेच ‘कोपी’ करायला लावलं. ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. वाढं, मोळी, पाचट, मुकादम, फड हे सगळे शब्द मुलांच्या तोंडी होते. फक्त छापलेल्या पुस्तकात ते त्यांना कधी भेटले नव्हते.

३. ‘सुरक्षित’ कशाला म्हणायचं, हे लेखकानं ठरवू नये.
यावर मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. माझ्या गोष्टीतली चौदा वर्षांची मुलगी शिकायला म्हणून आजीजवळ गावी राहते. मला वाटलं, मी तिला सुखरूप ठेवलं. वाचून झाल्यावर एक मुलगी वही परत देताना एवढंच बोलली, “आजी रात्री गोळी घेऊन झोपते, सर.” पुढं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. घरी येऊन ते प्रकरण फाडलं.

आईबापांची अडचण मला तेव्हा नीट उमगली. फडावर न्यावी तर उघड्यावरची कोपी, पहाटे चारला आईबाप कामावर, पोर एकटी. गावी ठेवावी तर घरात जागं माणूस नाही. मग लग्न लावून देतात. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि त्याची वेगळी उचल मिळते. २००६चा कायदा अठराच्या आत मुलीचं लग्न करू देत नाही, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. गावातच हंगामी वसतिगृह असावं, ते दिवाळीआधी सुरू व्हावं आणि तिथं रात्री मोठी बाई मुक्कामी असावी, यासाठी भांडतोही. पण गोष्टीत आईबापांना खलनायक करत नाही. आईचा जीव तुटतो, ते मुलींना दिसतं. लग्नामागचा हिशोबही त्यांना कळतो.

४. सोडवणारा गुरुजी आणू नये.
मी आणला होता, काढून टाकला. आता निर्णय मुलगी घेते. एका जागी ती चुकते, आणि तिथंच वर्ग सर्वांत जास्त भांडतो.

५. पुस्तक दसऱ्याआधी हातात पडावं.
ते पातळ असावं, भांड्यांच्या गोणीत मावावं. अक्षर मोठं असावं, कारण कोपीत उजेड कमी असतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं. त्याचे जुने अंक मी पोरांच्या दप्तरात कोंबतो. गेल्या पाडव्याला माझी हाती लिहिलेली गोष्ट परत आली. मुखपृष्ठ गेलं होतं, पानांना हळदीची बोटं लागली होती. शेवटच्या कोऱ्या पानावर चार वेगवेगळ्या अक्षरांत चार नावं होती. त्यातली दोन माझ्या शाळेतली नव्हती.

मराठीत लिहिणाऱ्यांनो, या वयासाठी लिहा. लिहिलेलं असेल तर आमच्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत सप्टेंबरातच पाठवा. दिवाळीनंतर ते घ्यायला मागच्या बाकांवर कुणी नसतं.