पायाखालचे मूळ

ज्यास घर बांधावयाचे आहे तो दगड, विटा व लाकूड ह्यांची चिंता आधी करितो. परंतु ज्या जागी झाड उभे होते, तेथे पहिली चिंता जमिनीखाली काय उरले ह्याची असावी. झाड तोडिले म्हणजे जागा मोकळी झाली असे दिसते. पण बुडखा व मुळ्या मातीत तशाच राहतात.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात शिरड शहापूर हे गाव आहे. त्या मुलखात, मराठवाड्यात अन्यत्र आढळते त्याप्रमाणे, तळाशी काळा पाषाण, त्यावर मुरूम व त्यावर काळी जमीन आहे. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मोठे झाड भोवतालचा ओलावा वर्षानुवर्षे शोषून घेते. ते गेल्यावर ती कोरडी माती हळूहळू ओल धरिते व वर उचलते. उलट, जेथे बुडखा कुजतो तेथे पोकळी होऊन जमीन खचते. एक कोपरा वर, दुसरा खाली, आणि मध्ये भिंत तडकते! शिवाय मेलेले लाकूड हे वाळवीचे अन्न होय.

तर काय करावे?

पहिले: झाड अगदी जमिनीलगत तोडू नये. तीन-चार फूट खोड राखावे. बुडखा हलविण्यास तेच तरफेसारखे उपयोगी पडते.

दुसरे: सभोवार चर खणून आडव्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडाव्या. मग सोटमूळ उघडे करून तोडावे, व पहारेने बुडखा उलथावा. पायाच्या ओळीत येणाऱ्या जाड मुळ्याही ओढून काढाव्या. बुडखा वरून जाळिल्याने खोलवरच्या मुळ्या जात नाहीत.

तिसरे: खड्ड्यात पालापाचोळा किंवा काळी माती लोटू नये. मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर घालून, पाणी शिंपून, प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. भिंत खड्ड्यावरूनच जाणार असेल, तर भरावावर न विसंबता न हललेल्या कठीण मुरमापर्यंत पाया न्यावा.

चौथे: झाड मोठे असल्यास निदान एक पावसाळा जाऊ द्यावा.

मात्र कुऱ्हाड उचलण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. चिंच, आंबा, साग अशा कित्येक झाडांस १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाचे संरक्षण आहे.

गरिबाचे घर बहुधा आयुष्यात एकदाच बांधिले जाते. बुडखा काढण्याची चार दिवसांची मजुरी वाचविणारा पुढे भिंतीच्या भेगा वर्षानुवर्षे लिंपीत बसतो. आणि भेग लिंपिल्याने खालचे मूळ निघत नाही.

विचारावयाचे प्रश्न

१. झाड तोडल्यावर काळी जमीन वर का उचलते?
२. बुडखा कुजल्याने काय घडते?
३. आपल्या गावात मुरूम किती खोल लागतो? विहीर खणणाऱ्यांस विचारून पाहा.