जुन्या गुणपत्रिकेचे ओझे

गेल्या उन्हाळ्यात माझी मावसबहीण न्यू जर्सीहून सुट्टीला आली होती. आम्ही तिला ताई म्हणतो. इतिहास हा मुख्य विषय घेऊन तिने तेथे पदवी मिळवली आणि आता ती वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करीत होती. हे ऐकताच आजीने विचारले, "अगं, इतिहास शिकून डॉक्टर कशी होणार तू?" मी स्वतः कला शाखेची विद्यार्थिनी असल्याने हा प्रश्न माझ्याही मनात होताच. ताईची काळजी मात्र निराळी होती. पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात तिला ‘सी’ श्रेणी मिळाली होती आणि ती अजून तिची पाठ सोडीत नव्हती. तिच्याशी झालेल्या बोलण्यातून आणि त्यानंतरच्या वाचनातून मला जे उमगले, ते येथे मांडत आहे.

आधी आजीच्या प्रश्नाचे उत्तर. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण सर्वसाधारणपणे पदवीनंतर सुरू होते. पूर्वी असे नव्हते. 1883 साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या व 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा पदवीची अट नव्हती. 1893 साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयाने ती घातली. पुढे 1910 साली अब्राहम फ्लेक्स्नर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि आधी कॉलेजात विज्ञानाचा पाया घालावा, मगच वैद्यक शिकवावे, हा विचार देशभर रुजला. गंमत अशी, की हे फ्लेक्स्नर डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. पदवी कोणत्याही विषयाची चालते. मात्र जीवशास्त्र, रसायन, भौतिकी असे ठरावीक अभ्यासक्रम, महाविद्यालयाच्या अटींप्रमाणे, पूर्ण केलेले असावे लागतात. ताईने ते इतिहासाबरोबरच केले, आणि घोटाळा तेथेच झाला.

बहुतेक एम.डी. विद्यालयांचे अर्ज ‘अ‍ॅम्कास’ या मध्यवर्ती सेवेमार्फत जातात. अमेरिकेतील ज्या ज्या कॉलेजात आपण एखादा विषय घेतला असेल, त्या प्रत्येकाची नोंद तेथे द्यावी लागते. नापास झालेला, मध्येच सोडलेला, पुन्हा दिलेला, एकही विषय वगळता येत नाही. मग ती सेवा मूळ गुणपत्रिकांशी प्रत्येक ओळ ताडून पाहते आणि आपल्या पद्धतीने सरासरी काढते. ‘ए’ म्हणजे 4, ‘बी’ म्हणजे 3, ‘सी’ म्हणजे 2, नापास म्हणजे शून्य. जीवशास्त्र, रसायन, भौतिकी व गणित यांची सरासरी वेगळी, इतर विषयांची वेगळी आणि एकूण वेगळी. शिवाय वर्षवार आकडेही समोर मांडले जातात.

ताईने रसायनाचा तो विषय पुन्हा घेऊन ‘ए’ मिळवला होता. तिच्या कॉलेजाने जुनी श्रेणी सरासरीतून काढून टाकली. म्हणून ती निश्चिंत होती. अ‍ॅम्कासला हे मान्य नाही. तेथे दोन्ही श्रेणी धरल्या जातात. म्हणजे चार श्रेयांकांचे 2 आणि चार श्रेयांकांचे 4, मिळून सरासरी 3. अस्थिवैद्यक पद्धतीच्या, म्हणजे डी.ओ. पदवी देणाऱ्या विद्यालयांच्या सेवेत पूर्वी फक्त नवी श्रेणी धरीत. ती सवलतही 2017 मध्ये बंद झाली. टेक्सास राज्यात मात्र एक कायदा आहे. तेथील रहिवाशाला दहा किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वीचे सारे अभ्यासक्रम बाजूला ठेवून अर्ज करता येतो. अट एवढीच, की नकोसे गुण टाकायचे तर चांगलेही टाकावे लागतात.

मी कागदावर एक हिशेब करून पाहिला. समजा, एखाद्याने दरवर्षी सारखेच श्रेयांक घेतले. पहिल्या वर्षी 2.5 आणि पुढची तिन्ही वर्षे 3.8 अशी उत्तम सरासरी राखली. चार वर्षांची सरासरी येते 3.48 च्या आसपास. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे पावणेचारच्याही थोडी वर असते. म्हणजे तीन वर्षे घाम गाळूनही पहिल्या वर्षाची खोट भरून निघत नाही. उशिरा जाग आलेल्यांसाठी पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे विज्ञानाचे विषय घेण्याची सोय आहे. पण श्रेयांकांचा ढीग जितका मोठा, तितका नव्या ‘ए’चा परिणाम कमी.

एवढ्यावरून ही पद्धत निर्दय आहे असे मला आधी वाटले. नंतर मत थोडे बदलले. वर्षवार आकडे दिसत असल्याने चढती कमान निवड समितीला दिसते. ‘एमकॅट’ परीक्षेचे गुण असतात, शिफारसपत्रे असतात, स्वतःविषयी लिहायला 5300 अक्षरांची जागा असते. आपल्याकडे एम.बी.बी.एस.साठी बारावीला ठरावीक विषय आणि किमान गुण असले की पुढे सारे ‘नीट’च्या क्रमांकावर. येथे बी.ए.च्या प्रथम वर्षात मी नापास झाले काय किंवा पहिली आले काय, त्या दाराशी कोणी विचारणार नाही. जुन्या चुकांचे ओझे नाही, हे खरे. पण तीन वर्षांच्या वाचनाचीही किंमत शून्य. यातले बरे कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

येथून तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. परदेशी विद्यापीठाचे गुण अ‍ॅम्कास आपल्या सरासरीत धरीत नाही आणि पुष्कळ विद्यालये अमेरिकेतील काही अभ्यासक्रम मागतात. मुंबईच्या बी.एस्सी.ची पहिली श्रेणी तेथे आकडा बनून उभी राहत नाही.

कला शाखेच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एमकॅटच्या चार विभागांपैकी एक पूर्णपणे उताऱ्यांच्या आकलनाचा असतो. उतारे मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांतले, प्रश्न 53, वेळ 90 मिनिटे. दुसरी गोष्ट न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय विद्यालयाची. 1987 पासून त्यांनी मानव्यविद्यांच्या काही विद्यार्थ्यांना सेंद्रिय रसायन, भौतिकी आणि एमकॅट यांशिवाय प्रवेश दिला. 2010 मध्ये या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परवान्याच्या पहिल्या परीक्षेत ते किंचित मागे होते, पण एकंदर कामगिरी सहाध्यायांच्या तोडीची होती. आजीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मग त्या बिचारीला त्या एका ‘सी’पायी कशाला छळतात?"

ताईने आपल्या निवेदनात त्या ‘सी’चे स्पष्टीकरण आधी अर्धे पान लिहिले होते. त्या सत्रात ती रात्री एका दुकानात काम करीत असे. मला वाचायला दिल्यावर मी म्हटले, "ताई, हे रडगाणे वाटतंय गं." ती रागावली, पण दुसऱ्या दिवशी दोनच ओळी ठेवून बाकीच्या जागेत तिने प्लेगच्या इतिहासावरच्या आपल्या प्रबंधाविषयी लिहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. हिवाळ्यात मुलाखतीची दोन बोलावणी आली. एकीत तर तासभर प्लेगवरच बोलणे झाले, ‘सी’चा विषय निघालाच नाही, असे तिने कळवले. निकाल अजून यायचा आहे.