घरातील जुने मापटे : इयत्ता चौथीसाठी एक परिसरपाठ

खेड्यातील जुन्या घरात, तांदळाच्या डब्यात किंवा देवघराच्या कोनाड्यात, पितळेचे वा लोखंडी पत्र्याचे एखादे मापटे अद्याप आढळते. नव्या सुनेने गृहप्रवेशाच्या वेळी उंबरठ्यावरील जे माप उजव्या पायाने लवंडावयाचे, ते पुष्कळ घरांत हेच. एरवी त्याचे काम चुलीवर भात चढविण्यापूर्वी तांदूळ मोजण्यापुरते उरले आहे. आणि अनेक ठिकाणी ते मोडीत जाऊन त्याच्या जागी स्टीलची वाटी आली आहे. मोडीत गेलेले पितळ निदान कोठेतरी कामास येते. परंतु त्या मापट्याची हकिकत ज्यांना ठाऊक आहे ती माणसे गेली, म्हणजे ती हकिकत कोठूनही परत मिळत नाही. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला व १९५८ च्या ऑक्टोबरपासून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. शेर-पायलीने सगळा बाजार चालताना पाहिलेली हीच अखेरची पिढी होय. सबब हा पाठ पुढील वर्षावर टाकण्याजोगा नाही.

आरंभी मुलांना आजी-आजोबांकडून मापांची नावे विचारून आणण्यास सांगावे. बहुतेक भागांत पुढील साखळी मिळेल : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. पुढे मणाच्या पायल्या कोठे बारा तर कोठे सोळा, आणि वीस मणांची खंडी. नावांत फरक पडल्यास गावातील नाव तेच फळ्यावर लिहावे. पुस्तकातील नावाचा आग्रह धरू नये. येथे मुलांच्या ध्यानात एक गोष्ट आणून द्यावी. निळव्यापासून पायलीपर्यंत प्रत्येक माप खालच्याच्या दुप्पट आहे. एका पायलीची निळवी किती, हे मुलांनीच मांडावे. उत्तर ६४ येते. जुन्या रुपयाचे पैसेही ६४ च होत. ज्याला अक्षरओळख नव्हती असा शेतकरीही धान्याच्या राशीचे दोन, त्यांचे चार, त्यांचे आठ असे समान वाटे करू शकत असे. त्या व्यवहारास दहाच्या पाढ्यापेक्षा अर्धे करणे अधिक सोयीचे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे जुन्या शाळांत घोकून घेत ते याच कारणाने. घोकंपट्टी म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. पण त्यांचा बाजाराशी असलेला संबंध आज कोणी सांगत नाही.

आता प्रयोग. शाळेत एक मापटे आणून ते प्रथम ज्वारीने, मग तांदळाने, मग भाताने भरावे व प्रत्येक वेळी आतील धान्य तराजूत घालावे. माप एकच, परंतु वजने तीन येतील. मापी शेर व वजनी शेर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मुलांना अन्यथा पटवून देणे कठीण जाते. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, व असे ४० शेर म्हणजे एक मण. चांदीचा जुना रुपया वजनाने बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरे. त्यामुळे ज्या घरात वजन नसे तेथे रुपयाच तागडीत पडे. आज सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, हेही सांगावे. घरी चर्चा झाल्यावाचून राहणार नाही.

मापे गेली तरी भाषेत त्यांचे ठसे राहिले आहेत. मापाच्या काठावर धान्याचा जो निमुळता ढीग चढतो त्यास शीग म्हणतात. उत्साह ‘शिगेला पोहोचला’ असे मूल लिहिते तेव्हा त्याने हा ढीग एकदा डोळ्यांनी पाहिलेला असावा. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. ‘शेरास सव्वाशेर’ आणि ‘सोळा आणे खरे’ यांचेही तसेच. पंचवीस पैशांचे नाणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले, तथापि ‘चार आणे’ बोलण्यातून गेलेले नाहीत.

या पाठात एक धोका आहे, व शिक्षकाने तो आधीच ओळखला पाहिजे. ‘घरातील जुनी वस्तू आणा’ असे सांगितले की सुखवस्तू घरातील मुले तांब्यापितळेची भांडी घेऊन येतात आणि मजुराचे मूल रिकाम्या हाताने मागच्या रांगेत बसते. वस्तुतः मापट्याविषयी सर्वांत अधिक सांगण्यासारखे बहुधा त्याच्याच आजीजवळ असते. मजुरी धान्यात मिळे, बलुते खळ्यावर मिळे. तेव्हा माप शीग लावून भरले की हात फिरवून सपाट केले, यावर घरातील संध्याकाळची चूल अवलंबून असे. देण्याचे माप लहान व घेण्याचे मोठे ठेवणारे सावकारही लोकांनी पाहिलेले आहेत. म्हणून वस्तू आणण्याची सक्ती मुळीच करू नये. आठवण आणावयास सांगावी, आणि वर्गात पहिली आठवण ज्याच्या घरी मापटे नाही अशा मुलाची वाचावी. मजुरीच्या मापाची गोष्ट मुलाने लिहून आणल्यास ती संकोचाने गाळू नये. ज्या घराण्यांवर तीत ठपका येत असेल त्यांची नावे मात्र वहीत घेऊ नयेत.

आणलेले मापटे त्याच दिवशी परत द्यावे. तत्पूर्वी त्याची उंची व तोंडाचा व्यास मोजपट्टीने मोजून, चित्र काढून, ते कोणाकडून कोणाकडे आले हे लिहून घ्यावे. एकाच गावातील दोन घरांची मापटी पुष्कळदा जुळत नाहीत. एक खरे व दुसरे खोटे असा निवाडा वर्गात देऊ नये. एकातील ज्वारी दुसऱ्यात ओतून फरक किती मुठींचा येतो ते मुलांना पाहू द्यावे, आणि दुसरे मापटे या गावात कोठून आले असेल, कोणाच्या माहेरून की कोणत्या बाजारातून, हे त्या घरी विचारून येण्यास सांगावे.