बीजाची निद्रा आणि अंकुरण

पनवेल तालुक्यात भाताची कापणी झाली की बियाण्याचे भात उन्हात वाळवून निराळे ठेवतात. मृगाचा पाऊस येईपर्यंत ते रुजत नाही. तथापि ते मृत नसते, निद्रिस्त असते. ही निद्रा दोन प्रकारची असते, हे विद्यार्थ्यांस प्रथम समजावून द्यावे.

अनेक जातींचे नुकतेच कापलेले भात ओल मिळूनही काही आठवडे रुजत नाही. वरचे तूस व दाण्यातील ॲब्सिसिक आम्ल अंकुरणास आवर घालतात. ही खरी सुप्तावस्था होय. तिच्यामुळे परतीच्या पावसात लोंबीतच मोड येऊन पीक नासण्याचा धोका कमी होतो. साठवणीच्या कोरड्या उबेत ती हळूहळू संपते. त्यानंतर दाणा केवळ पाण्यावाचून थांबलेला असतो. ही दुसरी निद्रा.

पाणी मिळताच दाणा फुगतो. त्यातील गर्भ जिब्बरेलिन नावाचे द्रव्य सोडतो. त्यायोगे पिठूळ भागाभोवतीच्या थरात अमायलेज हे विकर तयार होते व पिष्टाची साखर होऊन अंकुर पोसला जातो. पाण्याप्रमाणेच ऊब व हवा यांचीही त्यास आवश्यकता असते.

खाडीकाठच्या खार जमिनीत मात्र ओल असूनही अडचण येते. उन्हाळ्यात जमिनीतील क्षार वर येतात. खारे पाणी दाण्यात सहज शिरत नाही. अंकुर फुटलाच तरी कोवळे रोप क्षारांमुळे करपते. घाईने पेरणाऱ्याचे जपून ठेवलेले बियाणे अशा रीतीने वाया जाते. म्हणून पावसाने क्षार धुऊन निघाल्यावर, भिजवून मोड आणलेले भात चिखलात फोकून पेरतात. या रीतीस कोकणात ‘रहू’ म्हणतात. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ व ‘पनवेल ३’ या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या आहेत.

प्रात्यक्षिक : गतवर्षीच्या बियाण्याचे प्रत्येकी १० दाणे तीन वाट्यांत घ्यावेत. पहिल्या वाटीतील दाणे कोरड्या फडक्यात, दुसरीतील गोड्या पाण्याने व तिसरीतील दाट मिठाच्या पाण्याने भिजविलेल्या फडक्यात ठेवावेत. पाच दिवस रोज नोंद करावी. नंतर तिसऱ्या वाटीतील दाणे धुऊन गोड्या पाण्यात ओले ठेवावेत. त्यांतील किती रुजतात ते मुलांनी मोजावे, आणि पाऊस खार जमिनीत कोणते कार्य करतो याचे उत्तर त्यांनीच द्यावे.